हाडे, सांधे, स्नायू आणि सामायिक प्रयोगशाळा: नाशिकच्या संशोधकांचे नेहमीचे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे अस्थिरोग आणि फिजिओथेरपीचे पदव्युत्तर विद्यार्थी, आयुर्वेद व फार्मसीचे संशोधक आणि त्यांचे मार्गदर्शक यांच्यासाठी आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला म्हसरूळमध्ये आहे. हाडांवरच्या प्रबंधांची चर्चा त्यामुळे या शहरात सतत सुरू असते. एका महाविद्यालयाकडे सगळी यंत्रे असणे मात्र शक्य नसते. ती वाटून वापरावी लागतात, आणि वाटून वापरताना जे अडते त्याचाच इथे विचार केला आहे.

सामायिक प्रयोगशाळा म्हणजे नेमके काय?

महागडे यंत्र, ते चालवणारा प्रशिक्षित माणूस आणि लिहून ठेवलेली कार्यपद्धती, या तिन्ही गोष्टी बाहेरच्या संशोधकाला ठरलेल्या दराने वापरू देणारी व्यवस्था. आपल्या विषयाला पाच प्रकारची मदत लागते: प्रतिमा (मायक्रो-सीटी, एक्स-रे, हाडाची घनता मोजणारी डेक्सा), हिस्टॉलॉजी (ऊतकाचे पातळ काप, म्हणजे सेक्शन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), यांत्रिक चाचणी, पेशी व आरएनएचे काम, आणि माणसाच्या हालचालींचे मोजमाप.

चौकशी करताना बहुतेक जण यंत्राचे मॉडेल विचारतात. त्याआधी हे विचारा: यंत्र कोण चालवते, त्यांनी हाडावर काम केले आहे का, आणि नमुना कोणत्या स्थितीत आणायचा? यकृत-मूत्रपिंडाचे उत्तम सेक्शन काढणाऱ्या प्रयोगशाळेतही हाडाच्या ब्लॉकने ब्लेडची धार जाते आणि सेक्शन फाटतात. त्यात त्यांचे कौशल्य कमी पडत नाही, हाडाला वेगळी तयारीच लागते.

यंत्र शोधायचे कुठे?

सरकारी पैशातून घेतलेली यंत्रे देशभरच्या संशोधकांना वापरता यावीत म्हणून जानेवारी २०२० मध्ये आय-स्टेम हे पोर्टल सुरू झाले. यंत्राचे नाव घालून महाराष्ट्रापुरता शोध घ्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या कामांसाठी आयआयटी मुंबईची सैफ सुविधा बाहेरच्यांचे नमुने घेते. पेशीवाहिन्या (सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात. पोर्टलवर दिसणारे यंत्र आज चालू असेलच असे धरू नका. फोन करून तीन गोष्टी विचारा: यंत्र सुरू आहे का, रांग किती आठवड्यांची आहे आणि शेवटचे कॅलिब्रेशन कधी झाले.

नमुने गोळा झाल्यावर भेटलो तर चालेल ना?

चालत नाही. या पानावरचे एवढे एकच उत्तर वाचले तरी निम्मे काम झाले. यंत्रावर बसल्यावर जे बिघडलेले दिसते, ते बहुतेक वेळा कित्येक आठवडे आधी, शस्त्रक्रियागृहात किंवा प्राणिगृहात, बिघडलेले असते. हाड कोणत्या द्रवात टाकले, किती वेळ ठेवले, कुठे कापले हे नंतर बदलता येत नाही. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहितानाच, नैतिकता समितीकडे अर्ज जाण्यापूर्वी, हिस्टॉलॉजी आणि इमेजिंग पाहणाऱ्यांशी तासभर बोलून घ्या. सोबत एका पानाचा तक्ता न्या: गट किती, प्रत्येक गटात नमुने किती, कोणते हाड, कोणत्या बाजूचे आणि त्यावर कोणत्या चाचण्या.

एकाच हाडावर सगळ्या चाचण्या होतील का?

काही होतील, सगळ्या नाहीत. क्रम चुकला तर पुढची चाचणी वाया जाते.

उदाहरण घेऊ. कांडवेलीच्या अर्काचा हाडाच्या ठिसूळपणावर परिणाम पाहायचा आहे आणि त्यासाठी अंडाशय काढलेल्या रॅटचे मॉडेल घेतले आहे (रॅट म्हणजे प्रयोगशाळेतला मोठ्या जातीचा उंदीर; पुढे नुसते ‘उंदीर’ म्हटले की लहान उंदीर, म्हणजे माऊस, समजा). प्रत्येक प्राण्याला दोन मांड्या आणि दोन नडग्या. उजवी मांडी यांत्रिक चाचणीसाठी राखा: मऊ ऊतक काढा, सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर ठेवा. हेच हाड आधी मायक्रो-सीटीला जाईल आणि मग तोडले जाईल, कारण वाकवण्याच्या चाचणीतून हाडाच्या द्रव्याची ताकद काढायला मध्यभागाचा आडवा छेद मोजलेला लागतो. हे हाड फॉर्मॅलिनमध्ये कधीही टाकायचे नाही. फॉर्मॅलिनने कोलॅजनच्या साखळ्या एकमेकींत जास्त जखडतात. हाड तुटण्यापूर्वी जेवढी ऊर्जा शोषते ती त्यामुळे बदलते, आणि तुम्ही औषधाऐवजी फॉर्मॅलिनचा परिणाम मोजत बसता.

डावी मांडी हिस्टॉलॉजीसाठी फॉर्मॅलिनमध्ये. तिचाही मायक्रो-सीटी काढायचा असेल तर तो डीकॅल्सिफिकेशनच्या आधी काढा. कॅल्शियम निघून गेल्यावर एक्स-रेला दिसण्यासारखे काही उरत नाही. एक नडगी आरएनएसाठी: दोन्ही टोके कापा, लहान नळीत उभी ठेवून सेंट्रिफ्यूज करा म्हणजे मज्जा खाली उतरते, आणि उरलेले हाड लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. मज्जा काढली नाही तर रक्तपेशींच्या आरएनएत हाडाच्या पेशींचा आवाज दबून जातो. दुसरी नडगी राखीव ठेवा.

कोणती बाजू कशासाठी हे सगळ्या प्राण्यांत सारखेच हवे. पिशवीवर साध्या मार्करने लिहू नका, फ्रीझरमध्ये आणि अल्कोहोलमध्ये तो पुसतो. पेन्सिलने लिहिलेली कागदी चिठ्ठी आत टाका आणि बाहेरून क्रायो-लेबल लावा.

फॉर्मॅलिनमध्ये हाड किती वेळ ठेवायचे?

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन घ्या, नमुन्याच्या किमान दहापट, जमल्यास वीसपट. उंदराच्या मांडीला २४ ते ४८ तास पुरतात. बफर नसलेले फॉर्मॅलिन हळूहळू आम्ल होते आणि ऊतकात काळपट तपकिरी कण सोडते.

माणसाचे फेमोरल हेड (मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोल) अख्खे बुडवले तर मध्यभाग कुजतो. फॉर्मॅलिन घट्ट हाडात आणि चरबीने भरलेल्या मज्जेत फार सावकाश शिरते. ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. करवत पाण्याने थंड ठेवा. कोरडी करवत चालवली तर कडेची पेशीकेंद्रके जळतात आणि ती जागा वाचणाऱ्याला ऊतकमृत्यूसारखी भासू शकते. अव्हॅस्क्युलर नेक्रोसिसवर (रक्तपुरवठा तुटून हाड मरण्यावर) काम करणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावे. फिक्सेशन झाल्यावर नमुना महिनोन्‌महिने फॉर्मॅलिनमध्येच ठेवू नका, ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा, नाहीतर पुढे इम्युनोस्टेनिंगला (प्रतिपिंडांनी ठराविक प्रथिन रंगवायला) अडचण येते.

डीकॅल्सिफिकेशनला आम्ल वापरावे की ईडीटीए?

पुढे काय पाहायचे त्यावर ठरते. ईडीटीए हे कॅल्शियम पकडून हळूहळू बाहेर काढणारे रसायन आहे.

नुसते एचअँडई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन हा नेहमीचा स्टेन) पाहायचे आणि निदान लवकर हवे असेल तर ५ ते १० टक्के फॉर्मिक आम्ल चालते. नायट्रिक आम्ल याहून वेगवान आहे, पण नमुना काही तास जास्त राहिला तरी केंद्रकांचा निळा रंग उडतो. संशोधनासाठी ते टाळलेलेच बरे. ट्रॅप स्टेन, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री किंवा डीएनए काढायचे असेल तर ईडीटीएला पर्याय नाही. ट्रॅप हे ऑस्टिओक्लास्टमधले, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशींमधले, एन्झाइम आहे आणि आम्लात ते मरते. मग स्लाइडवर एकही ऑस्टिओक्लास्ट दिसत नाही आणि औषधाने कमाल केली असा निष्कर्ष निघू शकतो.

ईडीटीएसाठी एका लिटरला १४० ग्रॅम डायसोडियम ईडीटीए घ्या. सुरुवातीला ते पांढरे गढूळ राहते. ढवळत सोडियम हायड्रॉक्साइड थोडे थोडे घातले की पीएच वाढतो आणि द्रव निवळतो. मग पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. नमुन्याच्या वीसपट द्रव, दर दोन-तीन दिवसांनी बदल आणि सतत मंद हालचाल. उंदराच्या मांडीला दोन आठवडे धरा, रॅटच्या हाडाला चार ते सहा आठवडे, माणसाच्या चकतीला त्याहून बरेच जास्त.

हे दिवस २०–२५ अंशांच्या खोलीसाठी आहेत. नाशिकच्या जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली जाऊ शकतो आणि बिगर-हीटरच्या खोलीत ईडीटीएचे काम रेंगाळते. मे महिन्यात तेच काम लवकर होते. म्हणून कॅलेंडर पाहून नमुना बाहेर काढू नका, शेवट तपासा. सर्वांत खात्रीचा उपाय एक्स-रे: पांढरे ठिपके दिसेनासे झाले की झाले. फॉर्मिक आम्लासाठी रासायनिक चाचणीही आहे. वापरलेला ५ मिली द्रव अमोनियाने उदासीन करा, त्यात ५ मिली संपृक्त अमोनियम ऑक्झलेट घाला आणि अर्धा तास थांबा. गढूळपणा आला तर कॅल्शियम अजून निघतो आहे. सुई टोचून पाहणे सर्रास चालते, पण तिच्या भोकाने नमुना खराब होतो. ते करू नका.

सेक्शन स्लाइडवरून सुटतात. काय करावे?

हाडाच्या सेक्शनची ही जुनीच तक्रार. पॉझिटिव्ह चार्ज असलेल्या स्लाइड वापरा, ५ मायक्रॉनचे सेक्शन काढा, ३७ अंशांवर रात्रभर सुकवा आणि मग तासभर ६० अंशांवर ठेवा. इम्युनोस्टेनिंगसाठी प्रेशर कुकरमध्ये उकळणे हे सुटण्याचे मुख्य कारण असते. त्याऐवजी सिट्रेट बफरमध्ये ६० अंशांवर रात्रभर ठेवून पाहा. ब्लॉक कापण्याआधी बर्फाच्या पाण्यावर उलटा ठेवला तर सेक्शन सलग येतात.

कूर्चेसाठी कोणता स्टेन?

सॅफ्रानिन-ओ आणि फास्ट ग्रीन. कूर्चेतील प्रोटिओग्लायकन लाल-नारिंगी दिसतात, हाड हिरवे. लाल रंग फिका होणे हे संधिवाताचे लक्षण आहे, पण जास्त वेळ आम्लात ठेवलेल्या नमुन्यातही तो फिका होतो. म्हणून प्रत्येक बॅचमध्ये निरोगी कूर्चेची एक स्लाइड असलीच पाहिजे आणि सगळे गट एकाच बॅचमध्ये रंगवले पाहिजेत. कूर्चेच्या झिजेची श्रेणी ओएआरएसआय (OARSI) पद्धतीने द्यायची तर दोन वाचक हवेत, आणि कोणती स्लाइड कोणत्या गटाची हे दोघांनाही माहीत नसावे.

हाड किती वेगाने तयार होते हे मोजायचे आहे. कॅल्सीन कसे द्यायचे?

कॅल्सीन नव्याने जमणाऱ्या खनिजाला चिकटते आणि हिरवे चमकते. ते दोनदा दिले की दोन हिरव्या रेषा मिळतात आणि त्यांच्यातील अंतर भागिले दिवस म्हणजे खनिज जमण्याचा वेग. उंदरात १० मिलिग्रॅम प्रति किलो पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने द्या, सॅक्रिफाइसच्या (प्राणी मारण्याच्या) ९ दिवस आधी आणि पुन्हा २ दिवस आधी. २ टक्के सोडियम बायकार्बोनेट असलेल्या सलाइनमध्ये विरघळवा, गाळा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा.

हे हाड डीकॅल्सिफाय करायचे नाही, नाहीतर खनिजाबरोबर रेषाही जातील. ते मिथाइल मेथाक्रिलेटच्या कडक प्लास्टिकमध्ये बसवून टंगस्टन कार्बाइडच्या सुरीने कापावे लागते. अशी सोय थोड्याच ठिकाणी असते. इंजेक्शन देण्यापूर्वी कापणारी प्रयोगशाळा पक्की करा.

मायक्रो-सीटीसाठी काय सांगायचे? ऑपरेटर सगळे ठरवेल ना?

ऑपरेटर यंत्र सांभाळेल, प्रश्न तुमचा आहे. या गोष्टी लेखी द्या.

व्हॉक्सेलचा (त्रिमितीय प्रतिमेतल्या सर्वांत लहान घनाचा) आकार: उंदराच्या ट्रॅबेक्युला (हाडाच्या आतल्या जाळीच्या बारीक काड्या) २० ते ६० मायक्रॉन जाड असतात, म्हणून १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक व्हॉक्सेल हवा. २० मायक्रॉनवर स्कॅन लवकर होतो, पण बारीक ट्रॅबेक्युला जाड दिसतात किंवा नाहीशा होतात. व्होल्टेज लहान हाडांना ५० ते ७० किलोव्होल्ट. अर्ध्या मिलिमीटरचा ॲल्युमिनियम फिल्टर लावला तर कडा कृत्रिमरीत्या उजळ दिसण्याचा दोष कमी होतो. माध्यम सलाइन किंवा ७० टक्के अल्कोहोल, पण सगळ्या नमुन्यांना एकच. कोरडे हाड स्कॅनच्या तासाभरात आकसते, हलते, तडकते.

नळीत हाड हलू नये म्हणून फोमचा तुकडा किंवा पॅराफिल्म घाला. हललेल्या नमुन्याच्या प्रतिमेत कडा दुहेरी दिसतात आणि ते दुरुस्त करता येत नाही, पुन्हा स्कॅनच करावा लागतो. घनतेचा आकडा हवा असेल तर त्याच सेटिंगवर हायड्रॉक्सिअपेटाइटचे फँटम (ज्ञात घनतेचे नमुने) स्कॅन झालेले हवेत.

मोजायची जागा ग्रोथ प्लेटपासून (हाडाच्या टोकाजवळच्या वाढीच्या कूर्चाथरापासून) धरा. उदाहरणार्थ मांडीच्या खालच्या टोकाला ग्रोथ प्लेटपासून अर्धा मिलिमीटर सोडून पुढचे दीड मिलिमीटर. हाडाच्या टोकापासून अंतर मोजले तर लहान-मोठ्या प्राण्यांत वेगवेगळा भाग मोजला जातो. थ्रेशोल्ड (कोणत्या छटेपासून पुढे हाड धरायचे ती मर्यादा) सगळ्या गटांना एकच ठेवा. प्रत्येक प्रतिमेला डोळ्यांना बरा दिसेल असा थ्रेशोल्ड लावणे ही सगळ्यात घातक सवय आहे, कारण त्यातून गटांमधला फरक माणसाच्या हाताने तयार होतो.

रुग्णालयातल्या सीटी स्कॅनरवर हे होईल का?

नाही. तिथली चकती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि माणसाची ट्रॅबेक्युला ०.१ ते ०.२ मिलिमीटर. हाडाचा आकार, फ्रॅक्चरचे कोन, इम्प्लांटची जागा यांसाठी मात्र तो उत्तम आहे.

इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या यूटीएमवर (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर) हाड तोडता येईल का?

आधी लोड सेल (बल मोजणारा भाग) कोणता ते विचारा. स्थापत्य किंवा यांत्रिकी विभागातले यूटीएम सळया आणि काँक्रीटसाठी असते, क्षमता शेकडो किलोन्यूटन. उंदराची मांडी साधारण १५ ते २० न्यूटनला तुटते, रॅटची शंभर ते दीडशेच्या आसपास. ट्रकच्या वजनकाट्यावर केशर तोलण्यासारखे ते होईल. उंदरासाठी ५० किंवा १०० न्यूटनचा, रॅटसाठी ५०० न्यूटनचा लोड सेल हवा. छोट्या टेबलटॉप यंत्राला तो बसतो. प्लास्टिक आणि कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही अशी यंत्रे असतात.

तीन बिंदूंवर वाकवण्यासाठी उंदराच्या मांडीला आधारांमधले अंतर ८ मिलिमीटर ठेवतात. वेग मिनिटाला ३ मिलिमीटरपर्यंत. आधार आणि वरचा दाबणारा भाग गोल कडेचा हवा. धारदार कड हाडात रुतते आणि आलेखाच्या सुरुवातीला खोटी लवचिकता दिसते. असे जिग सातपूर किंवा अंबडच्या वर्कशॉपमध्ये स्टेनलेस स्टीलमध्ये करून मिळते. नुसते तोंडी सांगू नका, माप लिहिलेले ड्रॉइंग द्या.

हाड फ्रीझरमधून काढून सलाइनमध्ये खोलीच्या तापमानाला आणा आणि तोडेपर्यंत ओले ठेवा. सुकलेले हाड जास्त कडक आणि जास्त ठिसूळ वागते. एकदाच वितळवा. सगळी हाडे एकाच बाजूने ठेवा, पुढची बाजू वर की खाली हे आधी ठरवून. उंदराचे हाड जाडीच्या मानाने आखूड असल्याने या चाचणीत मिळणारा लवचिकतेचा गुणांक खऱ्यापेक्षा कमी येतो. गटांची तुलना करता येते, पण तो आकडा हाडाचा अंतिम गुणधर्म म्हणून मांडू नये.

बोन सिमेंट तपासणाऱ्यांसाठी: आयएसओ ५८३३ प्रमाणे ६ मिलिमीटर व्यासाचे, १२ मिलिमीटर उंचीचे दंडगोल लागतात आणि दाबाची ताकद किमान ७० मेगापास्कल हवी. काम २३ अंशांवर करायचे असते. एसी नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात सिमेंट साच्यात भरण्याआधीच घट्ट होऊ लागते आणि आत बुडबुडे राहतात.

स्नायूची बायोप्सी फॉर्मॅलिनमध्ये पाठवली तर?

एन्झाइमचे स्टेन आणि तंतूंचे प्रकार कायमचे गेले असे समजा. स्नायू ताजा गोठवायचा असतो. सलाइनमध्ये बुडवूनही ठेवू नका, तंतूंमध्ये पाणी शिरून पोकळ्या दिसतात. सलाइनने ओलसर करून पिळलेल्या गॉजवर, बर्फाच्या डब्यात, लवकरात लवकर आणा.

गोठवण्यासाठी धातूच्या पेल्यात आयसोपेंटेन घेऊन तो पेला द्रव नायट्रोजनमध्ये अर्धा बुडवा. तळाशी पांढरा थर धरू लागला की तापमान योग्य. नमुना तंतू उभे राहतील असा कॉर्कवर बसवा आणि १० ते २० सेकंद आयसोपेंटेनमध्ये धरा. थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकला तर त्याच्याभोवती वाफेचे आवरण तयार होते, थंडावा उशिरा पोहोचतो आणि बर्फाचे स्फटिक तंतूंना भोके पाडतात. असा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली जाळीदार दिसतो. मग उणे ८० अंश, आणि सेक्शन ८ ते १० मायक्रॉन, क्रायोस्टॅट (गोठवलेले सेक्शन कापणारे यंत्र) उणे २० ते २२.

आयसोपेंटेन सुमारे २८ अंशांवर उकळते आणि अत्यंत ज्वालाग्राही आहे. म्हणजे नाशिकच्या उन्हाळ्यात बाटली टेबलावर ठेवली तर द्रव उकळायला लागेल. साध्या घरगुती फ्रिजमध्येही ठेवू नका, थर्मोस्टॅटची ठिणगी पुरते. ज्वालाग्राही द्रवांसाठी असलेला फ्रिज नसेल तर लागेल तेवढेच त्याच दिवशी मागवा.

गोठवलेले नमुने मुंबई-पुण्याला कसे न्यायचे?

ड्राय आइसवर. त्याचे तापमान उणे ७८.५ अंश असते. जाड भिंतीच्या थर्मोकोल पेटीत दिवसाला साधारण २ ते ४ किलो उडून जातो. नाशिक–मुंबई अंतर सुमारे १७० किलोमीटर, नाशिक–पुणे सुमारे २१०, पण पेटी चार तासांच्या हिशेबाने भरू नका. कसारा घाटात किंवा नारायणगाव-चाकणच्या पट्ट्यात अडकलात तर दुपार जाते. पूर्ण दिवसाचा साठा आणि मे महिन्यात दुप्पट धरा. नमुने मध्यभागी, वर-खाली ड्राय आइस, रिकाम्या जागेत वर्तमानपत्र.

झाकणाला टेपने हवाबंद करू नका, वायू साठून पेटी फुटू शकते. गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा, कारण बंद एसी गाडीत कार्बन डायऑक्साइड साचतो. सार्वजनिक बसमध्ये पायाशी ठेवून नेणे धोक्याचे आहे. शुक्रवारी निघू नका: पेटी घेणारा माणूस शनिवारी-रविवारी नसेल तर सगळा खर्च वाया.

पेशींवर काम करायचे आहे. सुरुवात कुठून?

मायकोप्लाझ्माच्या (पेशींत लपून पसरणाऱ्या अतिसूक्ष्म जीवाणूच्या) चाचणीपासून. बाहेरून आलेली प्रत्येक पेशीवाहिनी वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा आणि अहवाल येईपर्यंत सामायिक इनक्युबेटरमध्ये आणू नका. एकाची लागण सगळ्यांच्या प्रबंधांना भोवते.

हाडाच्या दिशेने नेण्यासाठी माध्यमात १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल आणि मज्जेतल्या स्ट्रोमल पेशींसाठी १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन. २१ दिवसांनी ॲलिझरिन रेडने खनिज पाहतात. रंगाचा पीएच ४.१ ते ४.३ असावा, तो चुकला की सगळीकडे लाल पार्श्वभूमी येते. पेशी नसलेल्या विहिरीतही (प्लेटच्या खळग्यातही) तेच माध्यम ठेवून रंगवा, कारण फॉस्फेट जास्त झाले तर पेशींशिवायही साका बसतो. स्नायूंच्या सी२सी१२ पेशी ७० टक्क्यांच्या पुढे दाटू देऊ नका. एकदा त्या आपोआप जुळल्या की पुढच्या पिढ्यांत तंतू कमी बनतात.

द्राक्षबागेतल्या मजुरांच्या खांदेदुखीवर अभ्यास करायचा आहे. मोशन लॅबचा उपयोग होईल?

नक्की होईल, आणि हा विषय नाशिकमध्ये व्हायलाच हवा. मांडवाखाली विरळणी आणि डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) करताना हात तासन्‌तास खांद्याच्या वर असतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर हे काम एकवटते, म्हणून वेळापत्रक त्यानुसार आखा. हंगामात मजूर प्रयोगशाळेत येणार नाहीत, रोज बुडतो. बुडालेल्या मजुरीची भरपाई प्रस्तावातच दाखवा आणि समितीकडून मंजूर करून घ्या.

ट्रॅपिझियसच्या (मान आणि खांद्याच्या स्नायूच्या) वरच्या भागावर ईएमजी (स्नायूच्या विद्युत संदेशांची नोंद) घ्यायचे तर दोन इलेक्ट्रोडमध्ये २० मिलिमीटर, त्वचा अल्कोहोलने पुसून कोरडी, सॅम्पलिंग किमान सेकंदाला १०००, फिल्टर २० ते ४५० हर्ट्‌झ. प्रत्येकाचे कमाल आकुंचन आधी नोंदवा, त्याच्या टक्केवारीतच तुलना करता येते. घामाने इलेक्ट्रोड सुटतात, म्हणून बागेत सकाळीच मोजा आणि वर हायपोॲलर्जेनिक टेप लावा.

कॅमेऱ्यांवर चालणाऱ्या यंत्रणेत मार्कर त्वचेवर किंवा अंगासरशी कपड्यांवर लागतात. साडी किंवा धोतरावर लावलेला मार्कर कापडाची हालचाल मोजतो. निरनिराळ्या मापांचे अंगासरशी कपडे, आडोशाची खोली आणि स्त्री सहभागींसाठी स्त्री संशोधक हे नसेल तर बायका नकार देतील, आणि तो नकार रास्तच आहे. चालण्याच्या चाचणीत फोर्स प्लेट (पावलाचा जोर मोजणारी पाटी) कुठे आहे ते सांगू नका, माणूस नेम धरून पाऊल टाकतो आणि चाल बदलते. ज्या खेपेत पूर्ण पाऊल प्लेटवर पडले तीच धरा.

परवानग्या कोणत्या?

माणसांवरच्या किंवा माणसाच्या ऊतकावरच्या कामाला संस्थेची नैतिकता समिती. सांधेरोपणात काढलेले फेमोरल हेड फेकूनच द्यायचे होते, हे कारण पुरत नाही, रुग्णाची लेखी संमती मराठीत हवी. जुन्या ब्लॉकवर काम करायलाही समितीची मंजुरी लागते, संमतीतून सूट मिळू शकते. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत) नोंदणी. प्राण्यांसाठी संस्थेची प्राणी नैतिकता समिती आणि सीसीएसईएचा (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचा) फॉर्म बी. सामायिक प्रयोगशाळा मंजुरीच्या पत्राची प्रत मागेल, आणि पत्रात त्या चाचणीचा उल्लेख नसेल तर नमुना परत करेल. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांची स्थिती लपवू नका. करवतीने उडणारे हाडाचे कण दुसऱ्या कोणाच्या तरी श्वासात जातात.

उरलेले नमुने कुठे टाकायचे?

जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे: ऊतक पिवळ्या पिशवीत, ब्लेड-सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काढलेले धातूचे इम्प्लांट आणि काच निळ्यात, दूषित प्लास्टिक लालमध्ये. वापरलेले फॉर्मॅलिन बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या गळतीरोधक कॅनमध्ये साठवून द्या.

डेटा किती मोठा असतो?

२००० × २००० पिक्सेलची एक १६-बिट चकती ८ मेगाबाइटची. हजार चकत्यांचे एक हाड ८ गिगाबाइट, चाळीस हाडांचे ३२० गिगाबाइट, आणि मूळ प्रोजेक्शन वेगळी. पेन ड्राइव्ह घेऊन येऊ नका. दोन हार्ड डिस्क आणा आणि त्या एका बॅगेत ठेवू नका. विश्लेषणासाठी इमेज-जे आणि त्यावरचे बोन-जे, स्लाइडसाठी क्यूपाथ, त्रिमितीय प्रतिमांसाठी थ्रीडी स्लायसर ही सगळी मोफत आहेत आणि प्रबंधाला पुरतात.

वीज गेली किंवा यंत्र मधेच बंद पडले तर पैसे परत मिळतात का?

प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, म्हणून बुकिंगच्या वेळी लेखी विचारा. स्कॅन मधेच तुटला तर तो बहुधा मोफत पुन्हा होतो. नमुना चुकीच्या द्रवात आला म्हणून वाया गेलेली वेळ मात्र तुमच्या खात्यात पडते. दर तासावर आहे की नमुन्यावर, विश्लेषण त्यात धरले आहे की नाही आणि जीएसटी वेगळा आहे का, हे अंदाजपत्रकात मांडा. दहा टक्के नमुने पुन्हा करावे लागतील असे धरून तेवढी रक्कम बाजूला ठेवा. तंत्रज्ञाने केवळ यंत्र चालवले असेल तर आभारात नाव द्या, पद्धत बसवण्यात किंवा निष्कर्ष वाचण्यात त्याचा हात असेल तर सहलेखक करा, आणि हे पहिल्या बैठकीतच ठरवून लिहून ठेवा.